पोटातली जाळी

सर, दुपारपासून तीनदा हात धुतले, एकही पेशंट तपासलेला नसताना. पिंपळगाव रेणुकाईची ती बाई परत आली आहे. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे, आणि ते मीच करणार आहे.

मस्तगडातल्या तुमच्या दवाखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. तुम्ही त्या दिवशी बाहेरगावी होतात. तिचा हर्निया अडकला होता, आतडं काळं पडलं होतं. तेवढं कापून मी जोडलं, इथवर बरोबरच होतं. मग पोटाच्या भिंतीला आधार देणारी प्लास्टिकची नवी जाळी कपाटात दिसली. घाण झालेल्या पोटात जाळी घालायची नाही, हे तुम्ही कितीदा बजावलं होतं. पण मला भारी हौस. बसवली, आणि दहाव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. जाळी तुम्ही काढलीत. पोटातून जे काढलं ते ट्रेमध्ये ठेवून पेशंटला दाखवायचं, ही तुमची पद्धत. तो चिकट, पिवळा गोळा तिच्यासमोर धरून तुम्ही म्हणता, "माय, हे आमी घातल्तं. चूक माझी हाय." मी तुमच्या पाठीमागे उभा आहे, खाली बघत. जिन्यात तुम्ही मला गाठलंत. "आज मी बोललो म्हणून तुझं बोलणं टळलं, असं समजू नकोस." मी ते टाळतच आलो. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

जाळी काढल्यापासून तिच्या पोटाची भिंत उघडीच, आतडं कातडीखाली फुगून यायचं. जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधून ती कापूस वेचत राहिली. आता वरची कातडी फाटून जखम वाहते आहे, म्हणजे प्लास्टिकची जाळी घालायचा प्रश्नच येत नाही. मुंबईहून एक तुकडा मागवला आहे. जनावराचं कातडं, त्यातल्या पेशी धुऊन काढलेल्या, मागे उरते ती नुसती वीण. पू असलेल्या जागीही शरीर तिच्यात आपल्या रक्तवाहिन्या घालतं आणि हळूहळू तिला आपलंसं करतं, असं म्हणतात. पुढे सैल पडायची भीती राहतेच. असा तुकडा मी अजून एकदाही वापरलेला नाही, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही.

सकाळी तिने विचारलं, "कशाचं कातडं म्हन्ता?" नुसतं 'जनावराचं' म्हणून भागलं असतं. पण तुमचा तो ट्रे आठवला.

"डुकराचं," मी म्हणालो.

ती पदराशी चाळा करत बसली. "आमच्यात शिवत न्हाईत बिलकुल." मग म्हणाली, "आत गेल्यावर माझंच हुईल ना ते?"

"नीट बसलं तर होईल."

"मंग टाका. तुमी खरं सांगून राह्यले. ते पयले डाक्टर बी असेच हुते. चूक केली त्यांनी, पन लपवली न्हाई."

मी केसपेपरवर काहीतरी खरडत राहिलो. सर, तुमच्या नावावर ती चूक मी इतकी वर्षं राहू दिली, आणि आजही 'हो' म्हणून मान हलवली. स्वतःची शरम वाटते. डुकराचं सांगितलं, माझं नाही सांगितलं.

हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. जिने ऐकायला हवं, ती पाच नंबरच्या खाटेवर जागी आहे, इथून बारा पावलांवर. आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.