पत्र्यावरचा भुजंगप्रयात

असोदा,
बुधवार, दुपारचे तीन

प्रिय गफूर,

टक्-धूम्-धूम्, टक्-धूम्-धूम्. नववी ब, शेवटून दुसरा बाक आणि तुझी बोटं. लताबाई फळ्यावर भुजंगप्रयाताचे लघु-गुरू मांडत होत्या, अख्खा वर्ग 'यमाता यमाता' म्हणत डोलत होता. एक हलका, दोन जड, मिळून पाच मात्रा. तू ते बाकावर वाजवायला लागलास आणि बाई गर्रकन वळल्या. आता छडी, असं मी धरूनच चाललो होतो. तर म्हणाल्या, "शेख, थांबू नकोस. या पाटलाच्या डोक्यात वृत्त शिरत नाही, तुझ्या बोटांनी शिरेल." शिरलं ते अजून निघालेलं नाही.

बेचाळीस वर्षांनी लिहितोय. अक्षर ओळखलं असशीलच. चुलीत घालण्याआधी निदान हे पान वाच.

उडत उडत कानावर आलं असेल, माझा नवा अल्बम निघालाय. नाव 'पत्र्याची दुपार'. एकाहत्तराव्या वर्षी! उगाच नम्रपणा करत नाही, चांगला झालाय. मधली वीस-पंचवीस वर्षं मी काढलं ते सगळं पडेल होतं, तेही मला ठाऊक आहे. आता आवाज खरखरीत झालाय, पण त्या खरखरीजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे. पुण्याच्या पेपरात अर्धं पान छापून आलं. आमच्या गावची केळी भरणारी पोरं गाडीवर लावतात. मुंबईहून एक मुलाखतवाली आली होती. तिनं विचारलं, हा पाच मात्रांचा ठेका कुठला, आफ्रिकेतला का? म्हटलं, नाही बाई, धुळ्याच्या देवपूरचा, नववी ब. तिनं ते तसंच छापलं.

आठवतं, आपला बँड? देवपुरातल्या माझ्या मामाच्या घराची गच्ची, माझी सुरतेहून आणलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार, आणि तुझे ड्रम. रॉकेलचे डबे, धान्याच्या कोठीची दोन झाकणं, सगळं तुझ्या अब्बांच्या पत्राकामाच्या दुकानातलं. गणपतीत आपण वाजवलं तेव्हा म्हातारी माणसं कानात बोटं घालून पहिल्या रांगेत बसली होती, पण उठली कुणी नाहीत! कविता मी रचायचो, आणि अडलो की तू म्हणायचास, "झुल्या, घाबरू नको. गाणं तुनं शे, ठोका मना शे." गाणं तुझं, ठोका माझा; तेवढ्यावर माझी ओळ पुढे सरकायची.

मग मुंबईची कॅसेट कंपनी. त्यांना गाणारा हवा होता, डबे वाजवणारा नको. मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. मी बॅग भरली. त्यांच्या ड्रमवाल्यानं आपली पाच मात्रांची गाणी चारात कोंबली आणि मी त्यावर गायलो. कॅसेटवर एकट्या माझं नाव. तू ती विकत घेतलीस, मी गावी आल्याचं कळताच एसटीनं असोद्याला आलास, माझ्या ओट्यावर ठेवलीस आणि पाणीही न पिता परत फिरलास. मी दाराआडून बघत राहिलो. तुझ्या घरी जरीनाभाभींनी तर शपथच घेतली होती म्हणे, या माणसाच्या घराची पायरी चढणार नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. मागच्या वैशाखात देवपुरात लग्नाला आलो होतो. जेवणं झाली, मांडव पेंगला, आणि गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. टक्-धूम्-धूम्. तू कोठीचा सांधा बसवत होतास. पत्रा जागेवर आणायला एक हलका ठोका, मग दाबायला दोन जड. पाठ माझ्याकडे, केस सगळे पांढरे. मी समोरच्या मगनच्या टपरीवर बसलो, दोन चहा प्यालो, आणि फोनमध्ये अकरा मिनिटं तुझी हातोडी भरून घेतली. न विचारता. गफूर, अल्बममधला तो ठेका तीच हातोडी आहे. मुंबईचे तीन ड्रमवाले वाजवून गेले, दीपकनं, म्हणजे रेकॉर्डिंगवाल्यानं, तिघांनाही पुसून तुलाच ठेवलं. या खेपेला अल्बमवर तुझं नाव माझ्या नावाच्या वर छापून घेतलंय. पण एकदा नाव न घालता चोरी केली, आता नाव घालून केली. चोरी ती चोरीच. रविवारी जळगावला मोठा कार्यक्रम आहे. मशीनमधून तुझे ठोके सोडू असं दीपक म्हणतो. मी सांगितलंय, गफूर बसेल नाहीतर मी गाणार नाही. तिकिटं संपलीत आणि तुला अजून कुणी विचारलेलंही नाही. म्हणून हे पत्र. माफ कर, किंवा येऊन चार लोकांत शिव्या दे, पण ये

थांब, दार वाजतंय.

दारात जरीनाभाभी उभ्या आहेत. काठी टेकत, पिशवीत हातोडी घेऊन, पायरी चढून आलेल्या. मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "ते रिक्षात बसलेत, उतरत नाहीत. म्हणतात, दुसऱ्या गाण्यात माझा एक ठोका चुकलाय, तेव्हा गिऱ्हाईक आलं होतं. त्याला विचार, रविवारी नीट मारायला स्टूल देतो का?"

पाकीट शोधत नाही. हे पान असंच भाभींच्या हातात देतो. दहा पावलांचा तर प्रवास आहे.

ठोका तुझा, गाणं तुझ्यामुळे,
तुझाच,
झुल्या