बसवंतदादाच्या गळ्यातली डबी

औसा,
१० ऑगस्ट २०२१

पार्वतम्मा अव्वांना,
उज्वलाचा नमस्कार आणि तुमच्या पद्धतीनं शरणार्थ.

तुम्ही पाठवलेली शेंगांची चटणी पोचली. आईला लई आवडली. मी मस्कतहून रजेवर येऊन महिना झाला, पण औशाहून उदगीरला यायला जमलं न्हाई. फोनवर तुमचा आवाज ऐकला की बोबडी वळते, म्हणून लिहून राहिले. हे स्वतःच वाचा, धाकट्या उमाशंकरला वाचायला देऊ नका.

तुम्ही म्हणालात, ‘सोमवारी बसवंताच्या नावानं जंगमस्वामी जेवायला हायत. माझ्या लेकराला मस्कतहून विमानात आणलंस, तूबी लेकच. लुगडं घेऊन ठेवलंय.’

अव्वा, बसवंतदादा हैदराबादेत करोनानं गेला, दवाखान्याच्या लोकांनीच पुरला, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, ‘गळ्यात लिंग होतं ना गं?’ मी म्हणाले, ‘हाव, होतं.’ तुम्ही म्हणालात, ‘मग सुटलं माझं लेकरू.’

नव्हतं.

लागण पसरू नये म्हणून दादाला विमानात प्लास्टिकच्या बंद खोळीत ठेवून न्यायचं होतं. त्याआधी छातीवर मशीनच्या तारा चिकटवताना गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मधे येत होती. परदेशी डॉक्टरनं विचारलं, धर्माचं काही आहे का, त्याच्या हातात देऊ का? मी त्या विमानातली नर्स, अन् औशाची. शेजारचे गुरुपादप्पा काका लिंगपूजेशिवाय पाणीबी पीत न्हाईत, हे बघत वाढलेली. तरी म्हणाले, ‘नुसता दागिना आहे.’ समजावून सांगायचा कंटाळा, घाई, अन् गावाकडचं काही सांगायची लाज. मातीत गेलं माझं शिक्षण.

डबी माझ्या पिशवीत टाकली, उतरल्यावर बांधू म्हणून. हैदराबादला विमानाच्या दारातूनच दुसऱ्या लोकांनी दादाला नेलं अन् आमचं विमान तसंच माघारी फिरलं. मस्कतला पिशवी उघडली तेव्हा हातात डबी आली. आता ती इथं औशात आमच्या देवघरात आहे. पाहुण्यावानी बसलीय.

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. परत काढलं, कारण खरी गोष्ट पुढंच आहे.

विमानात दादा सारखा छाती चाचपत होता. डॉक्टरला वाटलं, तारा उपटतोय. तो म्हणाला, हात बांध. दादा काय शोधतोय हे त्या विमानात मला एकटीला माहीत होतं. तरी मी बांधला. डावा हात, अव्वा, तळव्यावर लिंग ठेवून पूजा करायचा तो. मग तो माझ्याकडे बघत राहिला, अन् मी मशीनकडे.

रविवारी सकाळच्या बसनं डबी घेऊन येते. लुगडं काढू नका, ताट मांडू नका. डबी तुमच्या हातात देईन. मग मला घरात घ्यायचं की उंबऱ्यावरूनच परत लावायचं, ते तुम्ही ठरवा.

‘तुमची लेक’ लिहायला हात धजत न्हाई, म्हणून नुसतीच,
उज्वला