पुसायचा चेहरा

डोंबिवली (पूर्व),
३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. शीलाताईस,
सुदेशचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? परवा फोनवर मी गौरीचं विचारत होतो आणि तू मला चवळीचा भाव सांगत होतीस. तेव्हा पत्रच बरं. तसंही हे मला फोनवर बोलायला जमलं नसतं.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या भाद्रपदात वर्षाच्या आत म्हणून आपण गौर बसवली नाही. यंदा बसवायची आहे. काल माळ्यावरून डबा काढला आणि लाकडी मुखवटा फडक्यातून सोडला. आईनं रंगवलेला शेवटचा चेहरा त्यावर जसाच्या तसा आहे. त्या वर्षी तिचा हात थरथरायचा. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आलाय, एक भुवई दोनदा उमटलीय. तरी बघितलं की आईच समोर बसून काढतेय असं वाटतं.

दर वर्षी ती आदला चेहरा ओल्या फडक्यानं पुसून नवा काढायची, हे मला माहीत आहे. पण आता पुसला तर तिच्या हातचं काहीच उरणार नाही. नाटकांसाठी रंगवलेले पडदे वाळवीनं खाल्ले. रांगोळ्या तर संध्याकाळपुरत्याच. म्हणून हा मुखवटा काचेच्या पेटीत ठेवायचं मी ठरवलंय. पूजेसाठी कल्याणच्या बाजारातून पितळी मुखवटा आणला आहे.

तुझ्या भावजयीला, आसावरीला, हे पटलं. रसिकाला नाही. आजीनं शिकवलंय, नवा चेहरा मी काढते, म्हणाली. मी जरा मोठ्यानंच नको म्हणालो. तेव्हापासून लेक माझ्याशी बोलत नाही. तू दर वर्षीसारखी गौर उंबऱ्यातून आत आणायला ये.

भेटीची वाट पाहतो. तुझी माया असू दे.
तुझा,
सुदेश


नौपाडा, ठाणे,
८ ऑगस्ट २०२५

चि. सुदेश यास अनेक आशीर्वाद.

यंत्र दुरुस्त झालं. आता ह्यांचं घोरणंसुद्धा ऐकू येतं, म्हणून रात्री काढून ठेवते. चवळीचं म्हणशील तर भाव खरंच वाढला आहे.

पितळी मुखवटा वाचून मला हसूच आलं. अरे, आपली गौर कधी एका चेहऱ्याची होती का? आई वर्षभर बायकांचे चेहरे बघत असायची. कोलशेतहून मासे घेऊन येणारी ठमाबाई तुला आठवते? एका वर्षी आईनं गौरीला तिचं नाक दिलं. आत्याबाई केवढ्या रागावल्या, देवीला कुणाचंही नाक लावतात का म्हणून. ठमाबाईला बोलावलं तर ती पाटी दारात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग आईला म्हणाली की, बाय गो, माजा नाक दिलास तं नथ पन तशीच भारी घाल. आईनं लगेच स्वतःच्या नाकातली काढून घातली.

माझ्या लग्नाच्या वर्षी गौरीची हनुवटी माझी होती, हे सगळ्यांनी ओळखलं. तसा चेहरा आईनं पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या भाद्रपदात बाबांनी तिला विनवलं की एवढा एक पुसू नकोस. मी तेव्हा सासरी होते, हे मला बाबांनीच नंतर सांगितलं. आई त्यांना म्हणाली की पाठवणी केलेल्या लेकीला असं डब्यात कोंडून ठेवायचं नसतं, जाऊच दिली नाही तर ती परत येणार कशी? आणि त्यांच्या देखत पुसला. मग मोरीत जाऊन कितीतरी वेळ फडकं धूत बसली.

मी तुला पूस म्हणत नाही. आई जेव्हा पुसायची तेव्हा नवा काढायला तीच होती. आता ती नाही, हे मलाही कळतं. तू म्हणशील तर पितळी गौर आणीन. पण माहेरी आल्यासारखं वाटेल की नाही, ते सांगता येत नाही.

रसिकाशी आधी तूच बोल. बापानं पहिल्यांदा बोलल्यानं काही कमी होत नाही. सर्वांना आशीर्वाद.
तुझी,
ताई


डोंबिवली,
१४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास,
रसिकाचा सा. न.

बाबा तुझं पत्र खिशात घेऊन फिरतात. शर्ट धुवायला टाकताना आईनं दोनदा वाचवलं. माझ्याशी बोलले एकदाचे. चहा घेणार का, एवढंच. पण स्वतः करून आणला.

आत्या, तू बाबांना आणखी काही लिहू नकोस, प्लीज. मी चेहरा काढते म्हणाले ते तावात. काल दुपारी कागदावर काढून बघितला तर ती गौर नव्हती, आमच्या कॉलेजची लायब्रेरियन होती. उशिरा पुस्तक आणल्यावर बघते ना, तशी बघत होती. आजीचं शेवटचं काम पुसून मी असलं काही काढून ठेवलं तर बाबा मला काही बोलणार नाहीत. तेच मला नको आहे.

आजी शिकवायची तेव्हा माझ्या मनगटाखाली स्वतःची मूठ ठेवायची, हात स्थिर राहावा म्हणून. शेवटी शेवटी तीच मूठ थरथरायची आणि आम्ही दोघी हसायचो. आता एकटीनं ब्रश धरला की नुसती भीती वाटते. राहू दे तो चेहरा काचेत. पितळी पण काही वाईट नाही.

तुझी आठवण येते. लवकर ये.
तुझी,
रसिका


डोंबिवली (पूर्व),
४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सुदेशचा शि. सा. न. वि. वि.

ताप उतरल्याचं कळलं, बरं वाटलं. ऐन गौरीच्या दिवशी तू आजारी पडलीस आणि पहिल्यांदाच तुझ्यावाचून गौर आत आली. रसिकानं आणली. परवा निरोप दिला. तू नव्हतीस म्हणून सगळं लिहितो.

गणपतीच्या आदल्या दिवशी काचेची पेटी तयार होऊन आली. मुखवटा आत ठेवून पाहिला. निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं मला मानचिन्ह दिलं होतं, तसा दिसायला लागला. दोन दिवस येता-जाता बघत होतो. आई त्यात कुठेच नव्हती. मग शुक्रवारी सकाळी कुणाला न सांगता तो बाहेर काढला, वाटीत पाणी घेतलं आणि पुसायला बसलो.

आधी कपाळ पुसलं, मग गाल, मग हनुवटी. डोळे शेवटी राहिले. उजवा पुसला. डाव्यापाशी हात थांबला तो थांबलाच. रसिका कधी येऊन शेजारी बसली ते कळलं नाही. ती म्हणाली की बाबा, नाही पुसला तरी चालेल. मी म्हणालो की चालेल, पण मग तू काढणार कुठे? आणि पुसला. ताई, नुसतं लाकूड उरल्यावर मला रडू आलं. रसिकासमोर रडलो. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

तिनं पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, वाळू दिले आणि शनिवारी चेहरा काढला. दार लावून घेतलं होतं. आसावरीनं जेवायला हाक मारली तर आतून फक्त थांब म्हणाली. बाहेर आली तेव्हा नाकाला लाल रंग लागला होता आणि चेहरा पडलेला होता.

इमारतीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या तेव्हा आईच्या वेळेसारखाच चेहरा कुणाचा ते ओळखायचा खेळ झाला. एक म्हणाली आसावरी, दुसरी म्हणाली टीव्हीवरची कुणीतरी. कुणाचंच जमलं नाही. पितळी मुखवटा दुकानदार परत घेत नाही. आसावरी म्हणते की ताईंना विचारा, पण मला वाटतं तू घेणार नाहीस.

चेहरा चांगला झाला होता. ओठ मात्र जरा आवळल्यासारखे वाटले. गौरीला निरोप देऊन मुखवटा डब्यात ठेवताना माझ्या तोंडून ते निघून गेलं. आसावरीनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. पण रसिका वाकून नीट बघून म्हणाली की हो, मलाही खटकतंय, पुढच्या वर्षी जरा सैल काढते.

ताई, आई गेल्यापासून आमच्या घरात पुढच्या वर्षाचं कुणी बोललं नव्हतं.

प्रकृतीला जप. आमच्यावर लोभ ठेवतेसच, तो असाच राहू दे.
तुझा,
सुदेश