मुलांनी भरलेली मोसंबीची कलमे

श्रीरामपूर, शनिवार, २० फेब्रुवारी १९७१

आज चौथीची मुले आपापल्या कलमांच्या पट्ट्या सोडून बघायला रोपवाटिकेत आली. तीन आठवड्यांपूर्वी गुरुजी त्यांना सहलीला घेऊन आले, तेव्हा मी चाकू त्यांच्याच हाती दिला. मोसंबीच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून जंबेरी लिंबाच्या रोपात त्यांनीच बसवला, केळीच्या सोपाने, वाळल्या सालपटाने, त्यांनीच बांधला. त्यांच्या सैल गाठी बघून माझा जीव खाली-वर. एकही जगले नाही तर? त्यांच्या जागी गुपचूप माझी कलमे ठेवावी, असे दोनदा मनात आले. पण हात लावला नाही. खरेच लावला नाही.

एकवीसपैकी नऊ डोळे हिरवे निघाले! गुरुजी म्हणाले, "मी चार दिवस फळ्यावर कलम काढत हुतो. तू एका दिसात शिकवलंस की रं!" मी सातवीही पुरी केलेली नाही.

सुमनने बसवलेला डोळा मात्र काळा पडलेला. ती रडेल म्हणून मी माझे एक कलम पुढे केले.

"ते तुमचं हाय दादा. चाकू द्या, मी दुसरा भरते."

दिला. या खेपेला तिला काहीच सांगावे लागले नाही.