डिझेलचा मथळा

३ फेब्रुवारी
अर्थमंत्री! मी! देऊळघाटची रेणुका! शपथ घेताना आवाज खणखणीत निघाला. वर्षानुवर्षं बातमीदार म्हणून मंत्र्यांच्या तोंडासमोर माईक धरला — आज माझ्याच समोर माईकांचं रान. सवयीनं एकाला विचारणार होते, आपली प्रतिक्रिया?

आईचा फोन. "तुले घरचा किराना जमला नाही कधी. आता राज्याचं कसं करशीन व?"

दिवसभर हसतेय.

८ फेब्रुवारी
खामगावात सत्कार. जेसीबीतून फुलं उधळली! त्याच्या बकेटमध्ये आधीचा मुरूम तसाच होता. झेंडूबरोबर खडेही डोक्यात. मी आपली हात हलवतेय!

नारायणराव स्टेजवर आले नाहीत. कोपऱ्यात उभं राहून टिपणं घेत होते. माझे संपादक; खामगावचा चार पानी पेपर त्यांचाच. मला बातमीदार यांनीच केलं. मी मलकापूर स्टेशनबाहेरून फोन लावायचे आणि ते उचलता उचलता म्हणायचे, "मथळा!" नमस्कार नाही, कशी आहेस नाही. आधी मथळा, एका दमात. बातमी मग.

पाया पडायला गेले तर मागे सरकले. "राहू दे. उद्या तुह्यावरच लिहून राह्यलो मी."

लिहिलंही! 'सत्कारापायी वाहतूक खोळंबली.' हसून हसून पोट दुखलं.

२६ फेब्रुवारी
डिझेलवरचा कर उतरणार! लिटरमागे दोन रुपये. कल्पना माझी!

पण बजेट मांडेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. सचिवांनी बजावलंय — कुणकुण लागली तर पंपवाले माल उचलणार नाहीत, विरोधक सभागृह डोक्यावर घेतील आणि माझी खुर्ची जाईल. कबूल! पण बातमी पोटात ठेवणं म्हणजे काय, ते बातमीदारालाच विचारा. आज शेवटी आरशाला सांगितली.

१ मार्च
अजून कुणालाही सांगितलं नाही. द्या पदक!

७ मार्च
मेले! मेले!

बजेट ऐकायला गॅलरीत या, असं सांगायला नारायणरावांना फोन लावला. त्यांनी उचलला. "मथळा!"

आणि मी — एका दमात — "डिझेल दोन रुपयांनी स्वस्त!"

पलीकडून, "काय बोलली व तू?"

मी गॅलरी, पास असलं काहीतरी बरळले. "हाव," म्हणाले आणि ठेवला.

छापू नका म्हणायची सोयच नाही. एका मंत्र्याच्या तोंडून गाडीत निसटलेली गोष्ट मी छापली होती. तो गयावया करत होता. मी त्याला नारायणरावांचंच वाक्य ऐकवलं — कानावर पडली ती बातमी वाचकांची. आता बस म्हणावं!

अजहरला सांगितलं. माझा पीए, मलकापूरचा. घाम पुसत म्हणाला, "ताई, राजीनामा टाइप करून ठेवू काय?" मी म्हटलं, फॉन्ट तरी बरा घे. आणि दोघं हसत सुटलो. वेड लागलंय.

८ मार्च
सकाळीच खामगावहून पेपरचे फोटो आले. चार पानं. कापसाचे भाव, पाण्याचे टँकर, एक हरवलेली म्हैस. डिझेल नाही! अजहर नाचला. मीही नाचले. आचारी बघत राहिला.

९ मार्च
आजही नाही!!

१० मार्च
मांडलं! डिझेल म्हटल्याबरोबर बाकं वाजली. विरोधकांतलेही दोघे वाजवून बसले, मग वरमले. मी सातव्या आसमानात!

आईनं टीव्हीवर पाहिलं. "चांगली दिसत होती. एवढं पानी काऊन पेत होती पन?"

नारायणराव आले नाहीत. नसू देत. माझी लाज राखली त्यांनी. आता खामगावला गेले की जेसीबी त्यांच्यावर रिकामा करायला लावते!

१२ मार्च
आज पेपरचे फोटो नाहीत. मीच फोन लावला.

"पेपर बंद केला, रेणुके."

"काऊन?"

"बातमी हाती होती अन् म्या दाबली. तुह्यासाठी. आता कोन्या तोंडानं सोताले संपादक म्हनू?"

मला रडू फुटलं. म्हटलं, छापायला पाहिजे होती तुम्ही.

"हाव," ते म्हणाले. "पाहिजेच होती."