निंबोळीच्या तेलाचा वास

१४ जुलै, रविवार

येन्स, माझा नवरा, कामावर र्युसेल्सहाइमला गेला. या शनिवारीही शिफ्ट, म्हणजे थेट पुढच्या आठवड्यात येणार. सासूबाई कंबरेच्या ऑपरेशननंतर रेहामध्ये, पुन्हा चालायला शिकतायत. मागे लेक कुहू, मी आणि सासूबाईंच्या गाई. मांसासाठी पाळलेल्या, कुरणात मोकळ्या राहणाऱ्या, माणसाची सवय नसलेल्या.

"माश्यांकडे लक्ष दे," फोनवर त्यांचं एवढंच. मोठ्या गाईंच्या पाठीवर औषध त्यांनीच ओतून ठेवलंय. नवजात वासराला ते चालत नाही. आणि नेमकी वांडा आजच व्यायली! "जवळ जाऊ नकोस. व्यायलेली गाय अंगावर येते. तशीच हवी, गेनाऊ, अगदी तशीच." मी जर्मनमध्ये "या, या" म्हटलं, म्हणजे हो, हो. मला गेर्डा म्हण, असं त्या सांगतात. सासूला नावाने हाक मारायला मला जमत नाही.

वांडाला मी भिते. इथे तरी खरं लिहावं.

१५ जुलै

वासराच्या बेंबीवर माश्या बसतायत. हिरव्या, चकचकीत. तिथे अंडी घातली की अळ्या पडतात. गेल्या वर्षी एक वासरू त्यानेच गेलं. सासूबाईंनी फोटो दाखवला होता, तो डोक्यातून जात नाही.

आईने कुंड्यांसाठी साताऱ्याहून पाठवलेलं निंबोळीचं तेल होतं. मामाच्या गोठ्यात हेच लावायचे. वांडा पाण्यावर गेलेली बघून कुंपणाखालून आत सरकले आणि वासराला मानेपासून शेपटीपर्यंत, बेंबीसकट चोपडलं. एक डोळा सारखा वांडाकडे. पण माश्या गेल्या! फार बरं वाटलं.

१६ जुलै

वांडा वासराला पिऊ देत नाही. ते जवळ आलं की हुंगते, ढकलते, लाथ मारते.

कुहू नाक दाबून म्हणाली, "ममा, डास स्टिंक्ट!" म्हणजे घाण वास मारतोय. तेव्हा माझी ट्यूब पेटली. गाय पिल्लाला वासाने ओळखते. मामाकडे गाय दाव्याला असायची, मामी धार काढताना वासरू लावून द्यायची, त्यामुळे निभावून जायचं. इथे कोण लावून देणार?

साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं. वास जात नाही. वासरू भुकेने ओरडतंय आणि वांडा लांब चरतेय. मी वासराला धरून उभी, तरी तिने वळून पाहिलं नाही. तिच्या शिंगांपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

१७ जुलै

जनावरांची डॉक्टर आली. ओरडली नाही. वासराला बाटलीने पाजलं, मग म्हणाली — वांडाला गोठ्यातल्या, मान धरून ठेवणाऱ्या लोखंडी अडकणीत उभी करायची, हाताने तिचं दूध काढायचं, तेच वासराला चोळायचं आणि तिथेच प्यायला लावायचं. रोज. "आल्झो, म्हणजे कसं, तिचं दूध पोटात गेलं की वासराला तिचाच वास येईल."

"पण दुधावर तर माश्या येतील!"

"गोठ्यात अंधार करा. अंधारात फारशा येत नाहीत. बेंबीला आयोडीन."

संध्याकाळी सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं, माझी भीतीसुद्धा. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग —

"वासरू उभं राहतंय का?"

"हो."

"मग घाबर आणि दूध काढ."

१८ जुलै

काढलं. तिने पाय आपटला की मी मागे सरायचे. एकदा बादलीच उडवली. वासरू थोडं प्यायलं. अडकण उघडताच तिने त्याला भिंतीवर ढकललं.

१९ जुलै

वासरू आज उठायला कंटाळतंय. डोळे खोल गेलेत. बेंबी स्वच्छ आहे. काय उपयोग? अळ्यांपासून वाचवलं आणि उपाशी मारलं, असं होणार. येन्स म्हणाला, सुट्टी टाकून येऊ? नको म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. फोन ठेवून रडले.

२० जुलै

भीती. दुसरं काही नाही लिहायला. वासरू मात्र आज स्वतः उठून प्यायलं. अडकण उघडल्यावर वांडाने हुंगलं, ढकललं नाही. तशीच उभी राहिली.

२१ जुलै

सकाळी आयोडीन लावायला वाकले, तर वांडा मान खाली घालून थेट माझ्या अंगावर! फाटकावरून पलीकडे कशी पडले कळलं नाही. गुडघा फुटला, सलवार फाटली. उठून बघते तर वासरू तिच्या पोटाखाली, पीत.

तशीच बसून सासूबाईंना फोन लावला. "गेर्डा, वांडा माझ्या अंगावर आली."