मघाचं पाणी

माय, आज मी अशी अडकले आहे की तुझ्याशिवाय कुणाला सांगताही येत नाही. नांदेडच्या एका छोट्या कंपनीत मी पाण्याच्या मोटारींचे प्रोग्राम लिहिते. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद व्हायला हवी, नाहीतर कोरडी चालून जळते. मोटार चालू-बंद करणारी आमची नवी पेटी उदगीरकडच्या एका गावाला जायची होती. यंदाच्या दुष्काळात तिथे पाणी असलेली एकच बोअर उरली आहे.

आम्ही लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असतो. चिप स्वस्तातली, म्हणून साहेबांनी त्याला ‘जमेल तेवढं वेगवान कर’ असं सांगायला लावलं. मग त्यानं अतिशहाणपणा केला. त्याला वाटलं, ही बाई पाण्याची पातळी सारखी कशाला बघते, प्रोग्राममध्ये तर ती कुणी बदलत नाही, एकदा बघितली तेवढी पुरे. चाचणीचं पिंप रिकामं केलं तरी मोटार घरघरतच राहिली. प्रोग्राम जुन्या आकड्यावर गरगर फिरत होता. काय चुकतंय ते बघायला आकडा दाखवणारी एक ओळ घातली, तर सगळं सुरळीत. ओळ काढली की पुन्हा तेच.

साहेब म्हणाले, “मॅडम, ऱ्हाऊ द्या की ती ओळ. चालून राहिलंय ना?”

“नशिबावर चालून राहिलंय, सर.”

“लई डोकं लावू नका. पेटी आज गेली पाहिजे.”

तेव्हा तू आठवलीस. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, जो तो कौतुकानं जिल्हा जिल्हा करत होता आणि नळाला पाणी नव्हतं. गल्लीत सगळ्यांचा मिळून एक हौद. पाणी खुणेखाली गेलं की धुण्याला घ्यायचं नाही, असा गल्लीचा नियम. तू दर हंड्याला काठी बुडवून बघायचीस. मी वैतागून म्हणाले, “आत्ताच तर बघितलं की, माय.” तू ओली काठी माझ्या पायावर हाणलीस. “मघाचं पाणी सांगू नगं मला. आपुन न्हाई घेतलं म्हून दुसऱ्यानं बी न्हाई घेतलं का?” फार राग आला होता तुझा.

मी वेगाची सेटिंग उतरवली, ‘पातळी बाहेरून बदलते, दर वेळी नव्यानं बघ’ असं कंपायलरला बजावलं आणि पेटी एसटीत चढवली. थोडी संथ चालते. साहेबांना सांगितलेलं नाही. पेटी आता परत येत नाही, आणि उद्या त्यांच्यासमोर गेल्यावाचून माझीही सुटका नाही. विचारलं तर काय सांगू, मायनं काठी मारली होती म्हणून? तू गेल्यापासून पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच मोकळेपणी लिहिते की भीती वाटतेय. पेटी चढवण्याआधी पिंप रिकामं करून बघितलं, मोटार थांबली. मग भरून पुन्हा रिकामं केलं, आणि पुन्हा बघितलं.